झोळ

आई गेली त्या वर्षी वैशाखात मी मामीकडे गेले, ती एक गाठोडं घेऊन. आईच्या रेशमी साड्या वहिनीनं आणि मी आधीच वाटून घेतल्या होत्या. गाठोड्यात उरलं होतं ते तिच्या रोजच्या अंगावरचं: लाल पदराचं एक नऊवारी इरकल, इचलकरंजीची दोन पातळं, एक निळी साडी जिला आता नावापुरतंच निळं म्हणायचं, आणि वडिलांची दोन धोतरं. बोहारणीनं हे घेतलं नसतं आणि टाकून देणं माझ्यानं होत नव्हतं.

मामीनं गाठ सोडली. एकेक कापड उजेडाकडे धरून पाहिलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. "सुती हाय सगळं," ती म्हणाली. "वाकळ व्हईल झकास."

कराडच्या पुढे कृष्णाकाठचं आमचं हे आजोळ. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. मामीचं माहेर निपाणीच्या बाजूचं, आणि तिच्या लहानपणी शेजारच्या कानडी बाया गोधडीलाच कौदी म्हणायच्या. नावं तीन, पण रीत साधारण एकच. जुनं सुती कापड थरावर थर घालायचं आणि धावदोऱ्यानं एकजीव करायचं. मामी आता 78 वर्षांची आहे. गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातची वाकळ आहे, आणि ती कुणासाठी शिवली, त्यात कुणाचं लुगडं आहे, हे तिला अजून तोंडपाठ आहे.

जुनं सुती कापडच का, हे मी तिच्याकडून शिकले. नवं कापड सुईला अडवतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. टेरिकॉट, नायलॉन घसरतं, घाम शोषत नाही आणि थर एकमेकांना धरत नाहीत. शंभर वेळा धुतलेलं सुती मात्र आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं, मऊ झालेलं असतं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार भाग केले की माणसाच्या लांबीचे, दोन दोन मीटरचे चार पट्टे होतात. एका पन्ह्यात रुंदी पुरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना पातळाच्या पट्ट्या जोडायच्या. सोप्यात जमीन सारवून वाळवली होती. त्यावर मामीनं थर अंथरले. खाली पातळ, मध्ये धोतरं आणि निळी साडी, वर इरकल. चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, मध्ये पितळी तांब्या. मग लांब लांब कच्चे टाके. साडेचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब अशी ती आखणी पाहून मला पहिल्यांदा आईची आठवण येऊन रडू आलं नाही. हातांना काम मिळालं होतं.

एक गोष्ट इथेच सांगते. मी शिकायला वसतिगृहात गेले तेव्हा आईनं माझ्याबरोबर गोधडी दिली होती. बाकीच्या मुलींकडे गाद्या होत्या, मऊ ब्लँकेटं होती. मी चार वर्षं त्या गोधडीवर सोलापुरी चादर घालून झोपले, म्हणजे ती कुणाला दिसू नये. आई भेटायला आली तेव्हा तिनं चादरीचं टोक उचलून पाहिलं आणि परत नीट खोचून ठेवलं. काही बोलली नाही. त्या गोधडीचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. म्हणून ही तरी माझ्या हातची आणि देखणी व्हावी, असं मला फार वाटत होतं.

वाकळ कडेनं आत शिवत जायची असते. पहिला वेढा बावीस फुटांचा. तो पुरा झाला की एक बोट सोडून आत दुसरा, मग तिसरा. माझं सगळं लक्ष त्या पहिल्या वेढ्यांवर होतं, कारण कड आधी डोळ्यांत भरते. बोटाच्या एका पेरात चार टाके घालायचे असा मी हट्ट धरला, आणि प्रत्येक वेळी दोरा चांगला ओढून घेत गेले. टाका रुतून बसला की मला बरं वाटायचं. मामी पलीकडच्या कडेला बसायची. ती दोनदा म्हणाली, "दोरा सैल धर गं." मला वाटलं, तिची नजर आता कमी झाली आहे, तिला माझे टाके दिसत नसतील.

तीन आठवड्यांत तीस वेढे झाले. मध्ये सव्वा वीत रुंद आणि दोन हात लांब एवढीच पट्टी उरली होती. आठ वेढ्यांचं काम. आणि त्या पट्टीत कापड वर उचलून आलं होतं. तळहातानं दाबलं की एकीकडे बसायचं, दुसरीकडे फुगायचं. शिवत गेले असते तर चुण्या पडल्या असत्या, आणि त्याही नेमक्या इरकलाच्या मधोमध. मामी तेव्हा धाकट्या लेकीच्या घरी गेली होती. मी दोन दिवस तो झोळ इकडून तिकडे ढकलत बसले. तिसऱ्या दिवशी सुई तशीच टोचून ठेवली, वाकळ गुंडाळली आणि पुण्याला परतले. मनाशी म्हटलं, पावसाळा संपला की बघू.

पुण्यात मी क्विल्टिंगच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे फिरत्या पात्याची सुरी होती, आखलेल्या पट्ट्या होत्या, आत घालायला कापसाचा तयार थर मिळायचा. लॉग केबिन नावाची रचना शिकले. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत बाहेर जायचं, आपल्या वाकळीच्या अगदी उलट. तिचे नऊ चौकोन केले. सोळा हवे होते. मग भिंतीवर लावायचा एक पट सुरू केला. भावाच्या मुलीला बाळ झालं तेव्हा त्याच्यासाठी दुपटं शिवायला घेतलं. एका प्रदर्शनात उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या गोधड्या पाहिल्या. त्यांना त्या कवंद म्हणतात. चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्या घालून केलेली फुलं असतात, आणि ती लागल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं त्या बायका मानत नाहीत. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आधी फुलंच केली. ज्या गोधडीला ती लावायची, ती आखलीही नव्हती.

नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यासारखं सुख नाही. रंग जुळवायचे, घड्या कोऱ्या, चूक व्हायला अजून जागाच नाही. पंधरा दिवसांनी कुठेतरी काहीतरी अडायचं, आणि तोवर दुसरं कापड खुणावत असायचं. वर्षभरात पाच कामं सुरू झाली. पाचही पिशव्या कपाटात एकावर एक बसल्या, आणि सगळ्यांत खाली आईची वाकळ. मी लोकांना सांगायची की मी गोधड्या शिवते. एकीही शिवून झालेली नव्हती.

मामी महिन्या-दीड महिन्यानं फोन करायची. पाऊस, गुडघे, म्हशीचं दूध झालं की शेवटी एकच विचारायची, "वाकळीचं पोट भरलंस का गं?"

वाकळीचा मधला शेवटचा भाग म्हणजे तिचं पोट. तिथे टाका बंद करायच्या आधी मामी आत चिमूटभर धान्य घालते. ही तिच्या माहेरची रीत. जी माणसाला ऊब देणार तिला उपाशी ठेवू नये, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. मी दर वेळी म्हणायची, "करते, मामी. सध्या दुसरं एक काम हातात आहे."

पुढच्या वर्षी भाद्रपदात आईच्या म्हाळाला गावी जायचं ठरलं. मामी फोनवर म्हणाली, "येताना वाकळ घिऊन ये." दुपट्याची पिशवीही मी बरोबर घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही.

पितृपंधरवड्यात तिकडे घराघरांतलं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. घट बसायच्या आधी सगळ्या गोधड्या धुऊन झाल्या पाहिजेत. मी पोचले तेव्हा नदीवर बायांची झुंबड होती. ओली गोधडी एकीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात आणि पाणी मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळतं. घाटाच्या पायऱ्यांवर, दगडांवर, बांधावरच्या बाभळीवर सगळीकडे गोधड्याच गोधड्या. हिरवी-तांबडी लुगडी, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे, कुठे शाळेच्या गणवेशाचा खाकी कपडा. वसतिगृहात मी जे चादरीखाली झाकलं होतं, ते इथे अख्ख्या गावानं उन्हात मांडलेलं होतं.

मामीनं माझी वाकळ हातात घेतली. पाण्यात घालायचा प्रश्नच नव्हता, पोट उघडं होतं. तिनं ती वाळूवर पसरली, दुसऱ्या एका वाळलेल्या वाकळीशेजारी. तिची वाकळ जमिनीला टेकून पडली. माझी मध्ये उचललेली होती, आणि चारी कडा आत वळल्या होत्या.

"झोळ आलाय," मी म्हटलं. "मधला भाग बिघडलाय. कापून तिथं ठिगळ लावू का?"

मामी खाली बसली. झोळाला तिनं हातही लावला नाही. कडेवर बोट ठेवून ती सरकत सरकत चारी बाजूंनी फिरली. मग माझ्या पिशवीची नाडी धरली आणि ओढली. पिशवीचं तोंड आवळलं, खालचा भाग फुगला. नाडी सैल केली, पिशवी सपाट पडली.

"मदी काय बी बिगाडल्यालं न्हाई," ती म्हणाली. "कडंला आवळलंयस तू. कितव्या वेड्यापतुर वडलंयस बग."

मी मोजले. बाराव्या वेढ्यानंतर माझे हात दमले असावेत, तिथून टाके सैल होत गेले होते. आतले अठरा वेढे निर्दोष होते. ज्या बारांचा मला अभिमान होता, त्यांनीच कड आखडली होती, आणि तिथे कापडाला जागा उरली नाही म्हणून ते मध्ये जाऊन उभं राहिलं होतं. मी सव्वा वर्ष ज्या जागेकडे बघून घाबरत होते, तिथे माझा एक टाकाही नव्हता.

"बारा वेढे उसवायचे?"

"मग?"

मला सरळ रडू आलं. बारा वेढे म्हणजे सत्तर मीटर शिवण. मामीनं रडू दिलं. नंतर तिनं विचारलं, "उसवायाचं भ्या वाटतंय, का पुरी व्हायाचं?"

हे मी कुणाशी बोलले नव्हते. तिला सांगितलं. ही शिवून झाली की आईचं माझ्याकडे काही करायचं उरणार नाही, असं मला वाटत होतं. गाठोडं होतं तोवर आई अर्धी तरी हातात होती.

मामी म्हणाली, "पुरी झाली म्हंजे सुटलीस व्हय? दर साली घटाच्या आदी धुवाय लागंल. ऊन दावाय लागंल. फाटंल तितं ठिगाळ लावाय लागंल. धा-पंदरा वर्सं तरी पुरंल ही. एवडं काम कमी हाय?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उसवायला बसलो. दर चौथा टाका ब्लेडनं कापायचा, मग दोरा सुईच्या टोकानं उचलून काढायचा. कापडाला ओढ द्यायची नाही. जुनं सूत आहे, फाटतं. मी जिथे जोरानं ओढलं होतं तिथे टाक्यांची भोकं मोठी झाली होती. काही भोकं आजही दिसतात.

चौथ्या वेढ्यापाशी थर सुटे झाले आणि आतली निळी साडी बाहेर डोकावली. तिला दांड घातलेला होता. साडी नेसून नेसून मध्ये विरली की ती तिथे आडवी कापायची, विरलेला भाग काढायचा आणि दोन्ही बाजू जोडून घ्यायच्या. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या दोन साड्यांपैकी एक तरी दांड घातलेली असायची. अंथरताना हे थर मामीनं लावले होते, त्यामुळे मी तो पाहिला नव्हता. आता मी ती शिवण डोळ्यांजवळ नेली. बारीक, सरळ, दर चार टाक्यांनी एक टाका उलटा घालून पक्की केलेली. कडेपासून हातभर निळा दोरा होता. मग एक गाठ, आणि पुढे काळा दोरा. काळाही वीतभरच. त्यापुढे शेवटपर्यंत पांढरा.

मी आईला शिवताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही झोपल्यावर रात्री शिवत असणार. निळं रीळ संपलं, रात्री दुकान कुठलं. काळ्या रिळात उरला होता तेवढा वापरला, तोही संपला. सकाळी तिला ही साडी नेसायची होती.

ती जोडणी मी कितीतरी वेळ बोटांखाली धरून बसले. काळ्या दोऱ्याची गाठ तांदळाच्या कणीएवढी होती, आणि ती उलट्या बाजूला होती, अंगाला लागू नये म्हणून नव्हे, लोकांना दिसू नये म्हणून. अंगाच्या बाजूला होती ती.

उसवायला तीन दुपारी लागल्या. बारा वेढे सुटले तशी कड पसरली, आणि झोळ कसा गेला ते मला कळलंही नाही. सकाळी बघते तर मधली पट्टी जमिनीला टेकलेली. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून ते बारा वेढे परत घातले. मी पेरात तीनच टाके घेतले. प्रत्येक वीतभर शिवणीनंतर कापड तळहातानं आतल्या बाजूला निपटायचं आणि दोऱ्याला बोटभर मोकळीक द्यायची. टाका कापडावर टेकला पाहिजे, रुतता कामा नये. हे मामीनं सव्वा वर्षापूर्वी तीन शब्दांत सांगितलं होतं.

उरलेले आठ वेढे आत जाता जाता लहान होत गेले आणि शेवटी हाताएवढी एक फट राहिली. मामी उठून घरात गेली, मूठ बंद करून आली. शाळूचे दाणे होते, गेल्या सुगीचे. "तू घाल," म्हणाली. मी दाणे आत सोडले. थरांमधून ते घरंगळताना बोटांना कळत होते. मग पाच-सहा टाक्यांत पोट बंद झालं. दोरा कापण्याआधी मी थोडी थांबले. मामीनं दातानं तो तोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी म्हाळ होता. भाऊ-वहिनी आली, भाची तिचं बाळ घेऊन आली. पानं उठल्यावर सोप्यात वाकळ अंथरलेलीच होती. ती नीट घडी करून, पिशवीत घालून पुण्याला न्यावी, असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात भाचीनं बाळाला तीवर सोडलं. चौदा महिन्यांचं ते, नुकतं पाय टाकायला लागलेलं. लाल पदरावरून दोन पावलं चाललं, बसलं, हातातला खिरीचा चमचा इरकलावर पुसला. वहिनी "अगं अगं" करत उठली. मामीनं तिला हातानंच थांबवलं. बाळ आडवं झालं, गाल कापडावर घासला, आणि थोड्या वेळात झोपलं. खिरीचा डाग त्याच्या तोंडाजवळ वाळत होता.

"ह्येचं दुपटं करत हुतीस न्हवं?" मामी म्हणाली.

मी पिशवी आणली. दुपट्याच्या दोन बाजू शिवलेल्या, दोन कच्च्या. सुई गंजून कापडात डाग पडला होता. ते मी झोपलेल्या बाळाच्या शेजारी अंथरलं. एका महिन्याच्या बाळाच्या मापानं घेतलेलं, त्याचे पाय बाहेर येत होते. डोक्यापासून टाचेपर्यंत मी विती मोजल्या. एक वीत कमी पडत होती.

सोप्याच्या कोपऱ्यात वाकळीतून उरलेल्या कापडांचा बोळा होता. त्यातून मामीनं इचलकरंजीच्या पातळाचा काठ काढला आणि माझ्याकडे टाकला. मी गंजलेली सुई काढून ठेवली, डबीतून दुसरी घेतली, आणि काठ बाळाच्या पायाशी धरून पाहिला. सव्वा वीत होता.